फॅन बेल्ट तुटून इंजिन तापलं, आता हेड उतरवायचं का?

मार्केटयार्डकर:
राम राम मंडळी, जरा सल्ला पाहिजे. आमची डिझेल पिकअप आहे, ड्रायव्हर वैभववाडीवरनं आंबा भरून येत होता, करूळ घाटात बॅटरीचा दिवा लागला, स्टेअरिंग जड झालं आणि पाठोपाठ टेंपरेचरचा काटा वर गेला, पोरगं हुशार म्हणून लगेच कडेला घेऊन बंद केली. बॉनेट उघडलं तर बेल्टच्या चिंध्या. गगनबावड्यापर्यंत टोचन केलं, तिथं नवीन बेल्ट घालून पाणी भरलं आणि गाडी घरी आली. आता सपाटीला एकदम ठीक, पण लोड घेऊन चढाला लागली की काटा सरकतोय, आणि सकाळी बाटलीतलं कूलंट थोडं कमी दिसतंय. मिस्त्री म्हणतोय हेड (इंजिनाचा सिलिंडरवरचा भाग) गेलं, पूर्ण इंजिन काम करूया. ऐन सीझन आहे हो. काय करू?

घाटावरचा_गडी:
दादा इंजिन काम एवढ्यात नको. घाटात पाणी भरलं म्हणताय, मग आधी एअर काढली का विचारा, सिस्टीममध्ये हवा अडकली की असंच होतंय, सपाटीला गप आणि चढाला काटा वर. इंजिन पूर्ण थंड असताना गाडीचं तोंड चढाला करून लावा, रेडिएटरची कॅप काढा, हीटर फुल गरमवर ठेवा, एअर काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू कूलंट घाला, नुसतं पाणी नको. गरम असताना कॅपला हात लावायचा नाही, आत प्रेशर असतंय त्यामुळं शंभर डिग्रीच्या वर जाऊनपण पाणी उकळत नाही, कॅप उघडली की एकदम वाफ होऊन अंगावर येतंय. आणि काट्यावर फार विसंबू नका, पाणी सेन्सरच्या खाली गेलं तर सेन्सर वाफेत राहतो आणि काटा चक्क खाली येतो, माणसाला वाटतं गाडी थंड झाली.

उद्यमनगरी:
बेल्ट कशामुळं तुटला ते कुणी बघितलं? हे आधी बघा, नाहीतर नवा बेल्ट पण तसाच जाणार. बेल्ट काढून वॉटर पंप, अल्टरनेटर, आयडलर, टेन्शनर सगळ्या पुल्या एकेक करून हातानं फिरवा, खरखर लागली किंवा पुली हलवल्यावर डुगडुगली तर बेअरिंग गेलंय. पंपाच्या खाली बारीक भोक असतंय, तिथं कूलंटचा ओघळ सुकलेला दिसला तर पंपाचा सील गेलाय, तुमचं कूलंट तिथनं पण कमी होत असेल. आणखी एक, तुटलेल्या बेल्टचे दोरे क्रँक पुलीच्या मागं गुंडाळलेत का टॉर्च मारून बघा, ते ऑइल सील कापतात.

हेडचं म्हणाल तर खोलायच्या आधी टेस्ट करून घ्या. ऑइलची काडी बघा, तेल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर पाणी मिसळलंय. थंड गाडी सुरू केल्या केल्या रेडिएटरचा वरचा होज (पाण्याचा रबरी पाइप) दगडासारखा टणक होतोय का, हवा काढून झाल्यावरसुद्धा रेडिएटरात बुडबुडे चालूच आहेत का, हे बघा. निळं लिक्विड वापरून कूलंटमध्ये इंजिनाचा जळका गॅस येतोय का तपासायची टेस्टपण होते, रंग बदलला तर गॅसकेट (हेडखालचं पॅकिंग) गेलं. हे सगळं क्लिअर आलं तर हेडला हात लावू देऊ नका. गेलंच असेल तर हेड आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून मोजून घ्या, वाकलं असेल तरच फेसिंग म्हणजे घासून सपाट करणं, काही कंपन्यांचं हेड घासायचंच नसतंय, मॅन्युअल बघा. डिझेलला गॅसकेट वेगवेगळ्या जाडीची येतात, खुणा बघून तीच आणा. आणि कुणी थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडबंद करणारा व्हॉल्व्ह) काढून टाकूया म्हणाला तर ऐकू नका, खराब असेल तर नवीन घाला.

कागलचा_पाहुणा:
+१, पुली फिरवून बघाच. आमच्या भावाच्या गाडीत अल्टरनेटरचं बेअरिंग जाम होतं, बेल्ट बदलत बसले नुसते.

मार्केटयार्डकर:
लय उपकार झाले. काल संध्याकाळी मिस्त्रीला समोर बसवून बेल्ट काढला, आयडलर पुली डुगडुगत होती, बदलली. मागं दोरे होते ते काढले, सील कोरडा आहे. पंपाच्या भोकाला काही नाही, तेल स्वच्छ, होज नॉर्मल. एअर काढताना बराच वेळ बुडबुडे आले आणि मग थांबले. निळ्या लिक्विडची टेस्ट उद्या शिरोलीला करून घेतो, तोवर गाडी गावातच आणि रिकामी चालवतोय.

उद्यमनगरी:
बरोबर. टेस्ट झाली की रिझल्ट इथं टाका.