चिमुकल्या पाखरांच्या पायात कडी घालतात, त्यांना त्रास होत नाही का?

पहाटफेरी
मंडळी एक शंका आहे. तीनेक वर्षं दुर्बीण घेऊन फिरतोय, नोंदी वगैरे ठेवतो. रविवारी पहिल्यांदाच राखीव जंगलात रिंगिंग (पक्षी पकडून पायात नंबराची कडी घालून सोडतात ते) बघायला गेलो आणि खरं सांगू, पोटात कालवलं. मिस्ट नेटमध्ये, म्हणजे पक्षी पकडायच्या बारीक जाळीत, चष्मेवाला (डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला छोटा पक्षी) उलटा लटकलेला, पाय गुंतलेले, वर ओरडतोय. तिथल्या ताईंनी पटकन सोडवला, कापडी पिशवीत घातला, मग कडी, पंखाचं माप, वजन आणि गेला उडून. पण ८-१० ग्रॅमच्या जिवाला एवढं कशाला? लांबून मोजून भागत नाही का?

जाळीवाला
बरीच वर्षं करतोय. पहिल्या दिवशी माझंही पोट असंच ढवळलं होतं. कडी अल्युमिनियमची, ग्रॅमच्या दहाव्या भागापेक्षाही हलकी, तिचा त्रास नाही. त्रास असतो पकडण्याचा, म्हणून जाळ्यावर २०-३० मिनिटांनी फेरी मारायचीच, आणि पाऊस, वारा किंवा ऊन चढलं की जाळी सरळ बंद. हातात धरताना मान दोन बोटांच्या मधे, छाती अजिबात दाबायची नाही, कारण पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती हललीच नाही तर श्वास घेणार कसा.

आता मोजण्याचं. आमच्या पाणवठ्यावर रोज पाच-सहा चष्मेवाले दिसायचे, आम्ही समजायचो तेच ते. कड्या घालायला लागलो तर दोन महिन्यांत पन्नासच्या वर वेगवेगळे निघाले!! दुर्बिणीतून सगळे सारखेच, नंबर असला की तो 'एक' पक्षी होतो. हिवाळ्यात येणारा वटवट्या (छोटा पाहुणा पक्षी) पुढच्या वर्षी त्याच झुडपाजवळ परत सापडतो, हे नंबराशिवाय कळणार कसं?

शंकेखोर
सगळं मान्य, पण मी एका शिबिरात बघितलंय, पक्षी हातात धरून दहा मिनिटं सेल्फी चालू. त्याचं काय?

जाळीवाला
ते चूकच, त्याचं समर्थन नाही. पोटावरची पिसं फुंकून चरबी बघायची, पिसं गळतायत का बघायचं, वजन झालं की सोडायचं. पोटावर उबवण्याचा डाग, म्हणजे अंडी उबवायला पिसं झडून उघडी पडलेली कातडी, दिसला तर तो पक्षी सगळ्यात आधी सुटला पाहिजे, घरट्यात अंडी गार होतात.

रानवाट
अजून एक, कडीवाला मेलेला पक्षी सापडला तर टाकून देऊ नका. कडीवरचा नंबर, जागा, तारीख, जमल्यास फोटो, आणि कडीवर जो पत्ता असेल तिथे कळवा. १८९९ साली डेन्मार्कमध्ये मॉर्टेन्सन या शिक्षकाने स्टार्लिंगांना (मैनेच्या कुळातले पक्षी) कड्या घातल्या तेव्हापासून हे सगळं असंच कुणीतरी कळवण्यावर चाललंय. छोट्या पक्ष्यांच्या फार थोड्या कड्यांची खबर परत येते म्हणून एकेक मोलाची.

पहाटफेरी
शिकायचं असेल तर?

जाळीवाला
परवाना लागतो, त्याआधी परवानेवाल्याच्या हाताखाली काम. सुरुवातीला नुसतं वहीत आकडे लिहायचे आणि पिशव्या धुवायच्या. पक्षी पिशवीत काय करून ठेवतात ते बघितलं असेलच तुम्ही 😄