बहात्तरच्या दुष्काळावर लघुप्रबंध: विषय किती छोटा करू?

माळरान: एमए इतिहासाला '१९७२चा दुष्काळ आणि मराठवाड्यातील समाज' हा विषय दिला होता. मॅडम म्हणाल्या, फार पसरट आहे, आवर. हातात सहा महिने, प्रवासाला फार तर पाच हजार. घर अंबडला. तालुका घेऊ की एकच गाव?

गोदाकाठ: गावच घे. माझी पीएचडी एकाच गावावर होती, परीक्षकांनी तोंडभरून कौतुक केलं. महिनाभर मुंबईत राहा, पुराभिलेखागारात बस.

तुतारी: पाच हजारांत महिनाभर मुंबई? तिने वर लिहिलंय ते वाचा तरी. गाव घे. आणि रोजगार हमी योजनेवर (रोहयो) एक प्रकरण हवंच.

गोदाकाठ: रोहयो नव्हे, दुष्काळी कामं! रोहयोचा कायदा १९७७चा, अंमल १९७९ पासून.

तुतारी: कायदा नंतरचा, योजना आधीची. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंनी ती तासगाव तालुक्यात आधीच राबवून पाहिली होती.

गोदाकाठ: तासगाव मराठवाड्यात येतं का?

बाभूळबन: भांडण नंतर करा. माळरान, जालना जिल्हा १९८१चा. तेव्हा अंबड औरंगाबाद जिल्ह्यात होतं, कागद त्या नावाने शोध. मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, मात्र विसंबू नकोस. मी एका कार्यालयात माहिती अधिकारात मागितली, 'नष्ट केली' एवढंच उत्तर आलं. मस्टर मिळतंय का बघ, मगच विषय पक्का कर.

शेवंता: आमची आई अंबडच्याच बाजूला खडी फोडायला होती. बोटांना चिंध्या बांधून बसायच्या, पोर झोळीत. ढीग मापून मजुरी. पोकळ रचलाय म्हणून मिस्त्री पायाने ढीग पाडायचा, की परत रचा. खायला सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) मिळायची ती लेकरांसाठी पदरात बांधून आणायची. हे कुठल्या मस्टरात सापडणार?

पाऊलवाट: शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या संकेतस्थळावर, आधी बघ. आणि हो, एकच गाव घे.

माळरान: सगळ्यांचे आभार. गाव नको, तालुकाही नको. फक्त खडी फोडणं घेते, १९७२-७३ची कामं. ढीग कोण मापायचं आणि मजुरी बाईच्या हातात पडायची की घरच्या पुरुषाच्या, एवढाच प्रश्न. अंबडच्या आसपासच्या ज्या बायका भेटतील त्यांच्याशी बोलेन. शेवंताताई, आईंना भेटता येईल?

गोदाकाठ: मॅडम मान्य करणार नाहीत. गाव घे.

शेवंता: ये की. दुपारची ये, सकाळी तिला नीट ऐकू येत नाही. मिस्त्रीचं नाव अजून पाठ आहे तिला.