कायोटीसाठी .२२३ सेमी-ऑटो: पहिली गोळी ग्रूपच्या बाहेर का जाते? बॅरल बदलू का?

प्रश्न – माळरान_२२३

नमस्कार मंडळी. कायोटी म्हणजे उत्तर अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी, त्याच्या शिकारीसाठी ही रायफल. तयार विकत घेतलेली आहे, एआर-१५ पद्धतीची. १८ इंची बॅरल, ५.५६ चेंबर (काडतूस बसतं तो भाग), ट्विस्ट १:९, म्हणजे गोळी दर नऊ इंचांत एक फेरा घेते. वर ३-९×४० स्कोप, पुढे हँडगार्डला (बॅरलभोवतीच्या धरायच्या भागाला) बायपॉड, म्हणजे दोन पायांचा टेकू. काडतुसं ५५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) गोळीची, पूर्ण जॅकेटवाली, पेटीभर स्वस्तात मिळतात ती.

१०० यार्डांवर पाच गोळ्यांचा ग्रूप, म्हणजे भोकांचा पसारा, अडीच इंच येतो. पण नीट पाहिलं तर चार गोळ्या सव्वा-दीड इंचात बसतात आणि पहिली वर उजवीकडे निसटते. दरवेळी नाही, पण पाचातून तीनदा तरी. कायोटीवर २०० यार्डांपर्यंत खात्रीने मारता यावं एवढीच अपेक्षा आहे. बऱ्याच जणांचं म्हणणं, मॅच बॅरल (नेमबाजी स्पर्धेच्या दर्जाचं) बसवून घे. तेवढा खर्च करण्याआधी काय तपासावं?

उत्तर – कोरडी_नळी

बॅरलला हात लावू नका. तुमच्याच आकड्यांत दोन वेगळे दोष दिसतात आणि त्यांची गल्लत झाली आहे. चार गोळ्या दीड इंचात, हा काडतुसाचा गुण. त्या प्रकारच्या स्वस्त काडतुसाकडून सेमी-ऑटोत दोन-तीन इंचही येतात, म्हणजे तुमचं बॅरल मुळात चांगलं आहे. पहिली गोळी बाहेर जाते हा दुसरा दोष, आणि तो नवं बॅरल बसवूनही राहू शकतो.

सेमी-ऑटोत पहिलं काडतूस तुमच्या हाताने चेंबरमध्ये जातं, पुढची सगळी रायफल स्वतः भरते. चेंबर मागून बंद करणारा बोल्ट दोन्ही वेळा सारख्या वेगाने आपटत नाही, त्यामुळे तो प्रत्येक वेळी अगदी तसाच बसेल असं नाही. त्यात शिकारी माणूस आवाज नको म्हणून चार्जिंग हँडल हाताने धरून हळूच पुढे सोडतो. याने बोल्ट पूर्ण लॉक होईलच असं नाही; कधी चाप ओढल्यावर नुसता टक् आवाज येतो आणि कायोटी पसार. हँडल पूर्ण मागे ओढा आणि सोडून द्या. आवाज व्हायचा तो स्टँडवर, म्हणजे कायोटीची वाट पाहायच्या जागी, बसण्याआधी, गाडीपासून पुरेसं दूर आल्यावर होऊ द्या.

खात्री करायची तर दोन निशाणं लावा. एकावर दहा गोळ्या, प्रत्येक वेळी मॅगझिनमध्ये एकच काडतूस ठेवून हाताने भरलेली. दुसऱ्यावर दहा, रायफलने स्वतः भरलेल्या. पहिली हाताने भरावी लागते ती बाजूच्या मातीच्या बांधात मारून टाका. दोन्हींचे मध्यबिंदू जुळत नसतील तर दोष भरण्यात आहे. जुळत असतील तर नळीकडे, म्हणजे बॅरलच्या आतल्या भागाकडे, वळा.

नळीत तेलाचा पातळ थर राहिला असेल तर पहिली गोळी हमखास वेगळीकडे जाते. साफ केल्यावर कोरड्या पॅचने पुसा, पॅच कोरडा बाहेर येईपर्यंत. आणि शिकारीच्या आदल्या दिवशी नळी लख्ख करायचा मोह टाळा. साफ नळी स्थिरावायला काही गोळ्या लागतात, मग त्या कायोटीवर का घालवायच्या?

उत्तर – अठरा_इंचपाउंड

वरचं पटलं, पण मी स्कोपपासून सुरुवात करेन. निम्म्या वेळा खराब बॅरल म्हणजे स्कोप धरणारा सैल माउंट असतो.

माउंट पूर्ण वरच्या रिसीव्हरच्या (रायफलच्या मधल्या सांगाड्याच्या) रेलवर हवा. एक पाय रिसीव्हरवर आणि एक हँडगार्डच्या रेलवर अशी जोडणी असेल तर ती आजच काढा. हँडगार्ड वाकला की स्कोपही वाकतो. डोळ्याचं अंतर जुळवण्यासाठी पुढे झुकलेला कँटिलिव्हर माउंट मिळतो, तो याचसाठी असतो. बसवताना माउंट रेलच्या खाचेत आधी पुढे ढकला, ढकललेलाच धरा आणि मग आवळा. धक्क्याने माउंट सरकतो तो याच फटीतून. स्कोपभोवतीच्या रिंगांचे स्क्रू साधारण १५ ते १८ इंच-पाउंडाने (आवळण्याच्या जोराचं माप), आडवे, एकाआड एक, थोडे थोडे. रेलला धरणारा खालचा मोठा स्क्रू माउंटवाल्याने सांगितलेल्या आकड्याला. टॉर्क रेंच नसेल तर हे काम करू नका; अंदाजाने आवळलेली रिंग स्कोपची नळी दाबते आणि मग निशाण हलवायच्या चाकांचे क्लिक सरळ चालत नाहीत. झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय.

मग चौकट चाचणी. एक गोळी मारा, २० क्लिक वर, दुसरी मारा, २० उजवीकडे, तिसरी, २० खाली, चौथी, २० डावीकडे, पाचवी. पाव मिनिटाच्या स्कोपवर (एक क्लिक म्हणजे पाव मिनिट कोन) १०० यार्डांना प्रत्येक बाजू सव्वापाच इंच यायला हवी आणि पाचवी गोळी पहिलीजवळ. नाही आली तर नवीन स्कोपचे पैसे बाजूला काढा, बॅरलचे नाही.

पॅरलॅक्सही, म्हणजे डोळा हलला की निशाण सरकल्यासारखं दिसणं, बघा. रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवून, हात न लावता, डोकं डावी-उजवीकडे हलवा. रेटिकल (स्कोपमधली फुली) निशाणावरून सरकताना दिसली तर गाल दरवेळी त्याच जागी टेकतो का याला महत्त्व येतं. पहिल्या गोळीला तुम्ही सावकाश बसता, नंतर धक्क्याने गाल जरा सरकतो. पहिली वेगळी जाण्याचं हेही एक कारण असतं, म्हणजे खरं तर पहिलीच बरोबर असते आणि बाकीच्या चार चुकतात!

बायपॉडबद्दल एक प्रश्न. हँडगार्ड फ्री-फ्लोट, म्हणजे बॅरलला पुढे कुठेच न टेकणारा, आहे का? तो बॅरलला पुढे टेकत असेल तर बायपॉडवर जोर दिला की नळीवर ताण येतो आणि टेकणं बदललं की ग्रूप जागा सोडतो. बायपॉड काढून पुढे वाळूची पिशवी लावून एक ग्रूप मारा, लगेच कळेल.

उत्तर – ट्विस्ट_नऊ

काडतुसाचं मी सांगतो. ट्विस्ट वजनाला नाही, गोळीच्या लांबीला लागतो; लांब गोळी स्थिर ठेवायला जास्त फिरकी लागते. १:९ मध्ये ४० ते ५५ ग्रेन आरामात चालतं, ६९ ग्रेनची मॅच गोळी बहुतेक नळ्यांत चालते, पण ७७ ग्रेनला १:८ किंवा १:७ लागतो. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, किल्लीच्या भोकासारखं भोक दिसलं की गोळी आडवी पडतेय समजा.

उलट टोकही असतं. अगदी पातळ जॅकेटची हलकी गोळी घट्ट ट्विस्टमधून जोरात सोडली तर फिरकीने हवेतच फुटते. ३६०० फूट/सेकंद आणि १:७ म्हणजे मिनिटाला सुमारे ३,७०,००० फेरे. तुमच्या १:९ मध्ये ही चिंता नाही.

कायोटीला पूर्ण जॅकेटवाली गोळी मुळात चुकीची. ती सुईसारखी आरपार जाते, जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी मरतं. शिवाय जमिनीवर आपटून पुढे उडण्याचा धोका जास्त. हॉर्नाडी व्ही-मॅक्ससारखी प्लॅस्टिक टोकाची ५३ किंवा ५५ ग्रेनची गोळी आत जाऊन फुटते. कातडं राखायचं असेल तर तीच. फक्त खांद्याच्या हाडावर मारू नका, हलकी गोळी वरवरच फुटू शकते. खांद्याच्या जरा मागे, फासळ्यांतून फुफ्फुसात बसवा.

तीन-चार प्रकारच्या दोन-दोन पेट्या आणा आणि प्रत्येकाचे दहा गोळ्यांचे ग्रूप मारा. दुकानदार काय म्हणतो ते सोडा, नळीला काय आवडतं तेवढंच बघायचं. नळी तापू देऊ नका. हातात धरवत नसेल तर थांबा.

पुन्हा प्रश्नकर्ता – माळरान_२२३

हँडगार्ड फ्री-फ्लोट आहे, माउंट रिसीव्हरवरच आहे. रेंच आजच आणतो. एक गोष्ट लिहायची राहिली. प्रत्येक स्टँडनंतर गाडीत बसताना मी रायफल रिकामी करतो आणि ते चेंबरमधलं काडतूस परत मॅगझिनमध्ये सगळ्यात वर ठेवतो. म्हणजे दिवसात तेच काडतूस सहा-सात वेळा आत-बाहेर होतं. याचा संबंध असेल का?

उत्तर – कोरडी_नळी

आहे, बहुतेक हेच तुमचं उत्तर. रायफल रिकामी करताय ते बरोबरच आहे, ते सोडू नका. पण बोल्ट प्रत्येक वेळी ते काडतूस जोरात ढकलतो. टोक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर (रॅम्पवर) आपटून गोळी केसमध्ये (काडतुसाच्या पुंगळीत) आत सरकू शकते, किंवा झटक्याने थांबल्यावर जराशी पुढे येते. दोन्हींनी दाब आणि वेग बदलतो, आणि आत सरकली तर दाब वाढतो, तो सुरक्षेचाही प्रश्न. शिवाय या रायफलचा फायरिंग पिन मोकळा असतो, त्यामुळे दरवेळी प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर) बारीक खड्डा पडतो. एकदा पडलेला खड्डा किरकोळ. सात वेळा त्याच प्रायमरवर नको.

कॅलिपर असेल तर पेटीतल्या न वापरलेल्या काडतुसाशी त्याची एकूण लांबी ताडून पाहा. पाच-दहा हजारांश इंचाचा फरक दिसला तर ते शिकारीला नको, बाजूला काढा. सोपा उपाय असा की बाहेर काढलेल्या काडतुसाच्या केसवर मार्करने एक रेघ मारा आणि ते मॅगझिनच्या तळाशी घाला. दोन रेघा झाल्या की वेगळ्या डबीत.

उत्तर – अठरा_इंचपाउंड

हे मला सुचलंच नव्हतं. चौकट चाचणी तरी कराच.

उत्तर – ट्विस्ट_नऊ

ग्रूपच्या आकड्यांनी फसू नका. गोळ्या जितक्या जास्त तितका ग्रूप मोठा, त्यात रायफलचा दोष नसतो. तीन गोळ्यांना सरासरी एक इंच देणारी रायफल पाच गोळ्यांना सुमारे १.३ आणि दहांना १.६ इंच देते. म्हणून तीन गोळ्यांचा फोटो टाकून कोणी अर्ध्या इंचाच्या बाता मारत असेल तर हसून सोडून द्या.

झिरो (गोळी नेमक्या निशाणावर लागते ते अंतर) २०० यार्डांना ठेवा. ५५ ग्रेनची व्ही-मॅक्स ३२४० फूट/सेकंदाने निघाली तर १०० वर साधारण दीड इंच वर, २०० वर बरोबर, ३०० वर सात इंच खाली. हा वेग २४ इंची नळीचा आहे, तुमच्या १८ इंचीतून थोडा कमी मिळेल, म्हणून ३०० चा आकडा कागदावर मारूनच ठरवा. कायोटीचा मर्मभाग चार इंचांच्या वर्तुळाएवढा धरा. २०० यार्डांपर्यंत मध्यावर धरून चाप ओढायचा, हिशेब नको.

खरा चोर वारा. आडवा वारा ताशी १० मैल असेल तर हीच गोळी १०० वर एक इंच, २०० वर साडेचार आणि ३०० वर अकरा इंच सरकते. दोनशेलाच तो मर्मभागाच्या बाहेर नेतो. बॅरलचे वाचलेले पैसे काडतुसांवर घाला आणि वाऱ्याच्या दिवशी मुद्दाम सरावाला जा.

चेंबर ५.५६ आहे, त्यामुळे .२२३ आणि ५.५६ दोन्ही काडतुसं चालतील. ज्याच्या रायफलवर फक्त .२२३ कोरलंय त्याने ५.५६ घालू नये, दाब वाढतो. आणि रात्रीची शिकार, थर्मल (उष्णता दाखवणारा) स्कोप, मॅगझिनमध्ये किती काडतुसं चालतात, हे अमेरिकेत राज्याराज्यांत वेगळं आहे. आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याची यंदाची नियमपुस्तिका वाचूनच निघा.

उत्तर – कोरडी_नळी

एक राहिलं. पहिल्या गोळीसाठी वेगळा कागद ठेवा. मैदानावर गेलात की त्या दिवसाची थंड नळीतली पहिली गोळी, नवं काडतूस हाताने भरून, त्याच एका कागदावर मारा, बाजूला तारीख लिहा आणि कागद घडी करून पेटीत ठेवा. पाच-सहा फेऱ्यांनंतर त्यावर जो ग्रूप दिसेल तोच कायोटीवरचा ग्रूप. तो सगळा एकाच बाजूला एक इंच सरकलेला असेल तर झिरो त्या कागदावरून लावा, गरम नळीच्या ग्रूपवरून नाही.