पॉम्पेई म्हणजे "नुसते दगड"? दीड तासात दुसरं काय दिसणार!

वासंतिका
मुशाफिर यांनी काल लिहिलं की इटलीतलं पॉम्पेई म्हणजे पडक्या भिंती, रणरणतं ऊन आणि काचेमागचे प्लास्टरचे पुतळे. पैसे वाया घालवू नका, त्यापेक्षा आपलं वेरूळ पाहा. उत्तर लिहायला बसले आणि लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

ते पुतळे नाहीत हो. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली माणसं आहेत ती. भोवतीची राख घट्ट झाली, आतलं शरीर कुजलं आणि माणसाच्या आकाराची पोकळी उरली. १८६३ मध्ये तिथले उत्खननप्रमुख फिओरेल्ली यांनी अशा पोकळ्यांत प्लास्टर ओतलं. हाडं अजून आतच आहेत. एका बागेत असे तेरा जण आहेत, त्यांत लहान मुलंही. एक माणूस कोपरावर भार देऊन उठू पाहतोय. त्याच्यासमोरून माझा पाय निघेना.

आणि दगडांचंच म्हणाल, तर तिथल्या बेकरीच्या अंगणात शिरा. लाव्हाच्या काळ्या दगडाची उंच जाती आहेत, वरची तळी थेट डमरूच्या आकाराची. मधोमध दोन्ही बाजूंना लाकडी दांडे अडकवायच्या खोबणी. गाढव जुंपून फिरवत. मी त्या खोबणीत हात घालून पाहिला, कडा झिजून गुळगुळीत झाली आहे. एका बेकरीत तर ८१ पाव कोळसा होऊन सापडले. हे सगळं "नुसते दगड"?

मुशाफिर
ताई, तुम्ही निवांत गेला असाल. आमच्या सहल कंपनीने दीड तास दिला. सोबत सत्तर वर्षांची आई. गाइड झेंडा उंचावून पुढे पळतोय, सावलीला झाड नाही, आणि गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीत आईचा पाय मुरगळला. उरलेले आठ दिवस ती बसमध्ये बसून होती. भरलेल्या पैशांचं सोडा, तिचा चेहरा मला बघवत नव्हता.

आणि जे पाहायचं ते तिथे आहेच कुठे? अलेक्झांडरचं मोझेक, म्हणजे रंगीत खडे जडवलेलं चित्र, नेपल्सच्या संग्रहालयात, उत्तमोत्तम चित्रंही तिथेच. अर्धी घरं कुलूपबंद. वेरूळला कैलास जागेवर उभा आहे, कुणी उचलून नेलेला नाही.

जालनेकर
संग्रहालयाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, जेमतेम वीतभर. "पॉम्पेईची लक्ष्मी" म्हणतात तिला. दोन बाजूंना दोन दासी, अंगभर दागिने. तशाच घडणीच्या मूर्तीचा तुकडा आमच्या भोकरदनच्या उत्खननात मिळाला आणि तेरला लामतुरे संग्रहालयातही त्याच घाटाची मूर्ती आहे. म्हणजे लक्ष्मी आमची, मराठवाड्याची. आणि ठेवली कुठे? नेपल्सच्या त्याच संग्रहालयात, कामुक चित्रांच्या "गुप्त दालनात"! ती परत आणली पाहिजे.

कोकणकडा
परत कशाला? लुटून नेली होती का? सातवाहनांच्या काळात इथला माल जहाजांनी रोमन जगात जायचा, तशीच तीही गेली असणार. कुणीतरी पैसे मोजून घेतली. आणि तिला लक्ष्मी म्हणायलाही आधार कमी आहे, बरेच अभ्यासक यक्षी मानतात. डोक्यातून खाली आरपार भोक आहे. आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय असावा. तुमच्याच न्यायाने कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला काशाचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, इटलीला धाडायचा का? मी तरी धाडू देणार नाही.

जालनेकर
भोकरदन माझं आजोळ आहे, मला व्यापार शिकवू नका. लहानपणी पांढरीच्या टेकाडावर पाऊस पडून गेला की आम्ही मणी वेचायचो. शाळेत एका गुरुजींनीही सांगितलं नाही की ही माती रोमन जगापर्यंत पोचलेल्या गावाची आहे. मला ते कळलं नेपल्सच्या काचेपुढे, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. यक्षी म्हणा, मूठ म्हणा. ते हात भोकरदनचे होते आणि तिथल्या पोरांना ते ठाऊक नाही, याचा राग येतो मला.

कोकणकडा
हा राग रास्त आहे. मग मागणी गावात चांगलं संग्रहालय व्हावं अशी करा, सही मीही करतो. "परत आणा" याला मात्र माझा विरोध कायम.

वासंतिका
धागा पॉम्पेईचा आहे, मंडळी!

मुशाफिर, आईंचं वाचून वाईट वाटलं. दोष त्या दीड तासाचा आहे, गावाचा नाही. ६६ हेक्टरचं शहर, त्यातला एक तृतीयांश भाग अजून मातीखालीच, ते धावत कसं दिसेल? अँफिथिएटरच्या बाजूच्या दाराने आत गेलं की चाकाच्या खुर्चीलाही चालेल असा तीन किलोमीटरहून लांब मार्ग आहे. तुमच्या गाइडने हे सांगायलाच हवं होतं.

चाकोरी शब्द आपण रोज वापरतो. तिथे ती बोटांनी चाचपता येते. पावसापाण्यात पाय भिजू नयेत म्हणून रस्त्यात उंच दगड ठेवलेत आणि त्यांच्या मधल्या फटींतून चाकं जायची. माणूस कसा चालत होता ते कळतं हो तिथे! वेरूळ मलाही प्राणप्रिय आहे. पण कैलासात देव राहतो, पॉम्पेईत शेजारी राहतात.

मुशाफिर
त्या मार्गाचं मला खरंच माहीत नव्हतं. "पैसे वाया" हे शब्द मागे घेतो. बाकी ऊन, कुलपं आणि सहलवाल्यांबद्दल लिहिलेलं तसंच राहील. आईला हा धागा वाचून दाखवला. ती जात्यांचं दोनदा विचारत होती, दळण कुठून पडायचं म्हणून.

वासंतिका
वरच्या तळीत धान्य ओतायचं, खालचा दगड शंकूसारखा, पीठ त्याच्या कडेने सगळीकडून खाली. आईंना सांगा, आपल्यासारखंच. आणि पुन्हा नेलंत तर नेपल्सचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तेवढं पाहून तारीख धरा.