पुढचे बेअरिंग घरी बदलल्यानंतर एबीएसचा दिवा लागतो: सल्ला हवा

घाटमाथा:
नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची डिझेल हॅचबॅक आहे. पुढच्या उजव्या चाकातून घरघर ऐकू येत होती, म्हणून मी घरीच स्टिअरिंग नकल (चाकाचे बेअरिंग ज्यात बसते तो भाग) उतरवले, जवळच्या लेथवाल्याकडून प्रेसवर नवे बेअरिंग बसवून घेतले आणि त्याच वेळी दोन्ही बाजूंचे पुढचे ब्रेक पॅड बदलले. आवाज पूर्ण थांबला आहे, ब्रेक पॅडल घट्ट लागते आणि ब्रेक ऑइलची पातळीही योग्य आहे. मात्र चावी फिरवल्यावर लागून विझणारा एबीएसचा पिवळा दिवा गाडीने साधारण २० चा वेग घेतला की पुन्हा लागतो आणि गाडी बंद करेपर्यंत विझत नाही. ब्रेकचा लाल दिवा लागत नाही. एका गॅरेजमध्ये थेट चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलण्यास सांगितले आहे. त्यापूर्वी काय तपासावे आणि या स्थितीत पावसात कसारा घाटातून मुंबईला जाणे योग्य ठरेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पानापक्कड:
प्रथम घाटाविषयी. फक्त पिवळा दिवा लागला असेल तर नेहमीचे ब्रेक काम करतात, परंतु चाक लॉक होण्यापासून वाचवणारी यंत्रणा, म्हणजेच एबीएस, बंद असते. म्हणजे ओल्या उतारावर जोरात ब्रेक दाबला तर पुढची चाके घसरू लागतात आणि ती घसरत असेपर्यंत स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत घाट टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सोबत लाल दिवाही लागला तर गाडी मुळीच हलवू नका, कारण तेव्हा ऑइलची गळती असू शकते किंवा मागच्या चाकांचा दाब आवरणारी ईबीडी बंद पडलेली असू शकते, आणि मागची चाके आधी लॉक झाली तर गाडी आडवी फिरते.

आता बिघाडाविषयी. तुम्ही दिलेल्या माहितीत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दिवा आधी विझतो आणि चाके फिरू लागल्यावरच पुन्हा लागतो. चावी फिरवताच एबीएसचे मॉड्यूल प्रत्येक सेन्सरची वायर जोडलेली आहे की तुटलेली, हे विजेच्या पातळीवर तपासून घेते. वायर तुटली असती किंवा कपलर (वायरचा जोड) सुटला असता तर दिवा बहुधा जागेवरच लागून राहिला असता. तुमच्या बाबतीत सेन्सर जागेवर आहे, पण चाक फिरत असताना त्याला वाचायला काही मिळत नाही, असे दिसते, आणि म्हणून माझा पहिला संशय सेन्सरवर नसून बेअरिंगवर आहे.

या पिढीच्या अनेक गाड्यांमध्ये सेन्सरने वाचायची वेगळी दातेरी रिंग नसते. त्याऐवजी बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच आलटूनपालटून उत्तर आणि दक्षिण ध्रुव असलेली चुंबकीय पट्टी बसवलेली असते आणि ती सेन्सरकडे तोंड करूनच बसवावी लागते. दिसायला ती साध्या रबरी सीलसारखी असल्यामुळे प्रेसवर बेअरिंग उलटे बसणे सहज शक्य आहे. उलटे बसलेले बेअरिंग आवाज न करता उत्तम फिरते, फक्त सेन्सरला चुंबक सापडत नाही. शंका पडताळण्यासाठी एबीएस वाचू शकणारा स्कॅनर मिळवा (स्वस्त ब्लूटूथवाले बहुतेक केवळ इंजिनचे कोड दाखवतात) आणि कोणाला तरी सोबत घेऊन मोकळ्या रस्त्यावर हळू गाडी चालवत चारही चाकांचे वेग पाहा. उजव्या पुढच्या चाकाचा आकडा शून्यावरच राहिला तर उत्तर जवळपास मिळालेच.

रस्तेवाला:
वरील निदान मला पटते. तरीही सेन्सर बाहेर काढून त्याच्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटला आहे का आणि बसण्याच्या जागी गंज साचून तो वर उचलला गेला आहे का, हे पाहून घ्यावे. वायर पूर्वीच्याच क्लिपांमधून गेली आहे ना, हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहा. मल्टीमीटरने ओहम मोजण्याचा उपाय जुन्या, गुंडाळीच्या सेन्सरसाठी आहे; नव्या सेन्सरला विद्युतपुरवठा लागतो, त्यामुळे असे मोजून काहीच निष्पन्न होत नाही.

घाटमाथा:
दोघांचेही मनापासून आभार. मित्राच्या स्कॅनरवर पाहिले: तीन चाके एकसारखा वेग दाखवतात आणि उजवे पुढचे चाक शून्यावर राहते. सेन्सरचे टोक स्वच्छ आहे. हेच बेअरिंग काढून उलटवून बसवता येईल का?

पानापक्कड:
नाही. प्रेसने काढताना आतल्या गोळ्यांवर जोर येतो आणि बेअरिंग बाद होते, त्यामुळे नवेच घ्यावे लागेल. ते घेतल्यावर दोन्ही सीलांवरून साधी टाचणी हलकेच फिरवा. जिकडे ती ओढली जाते ती चुंबकी बाजू. जोरदार लोहचुंबक मात्र तिच्याजवळ नेऊ नका. त्या बाजूवर मार्करने खूण करून मगच बेअरिंग लेथवाल्याकडे द्या आणि प्रेस करताना समोर उभे राहा. बाहेरची कडा दाबूनच ते नकलमध्ये जायला हवे. शाफ्टचा नट नवा वापरा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कप्रमाणेच (आवळण्याच्या जोराप्रमाणेच) आवळा. नंतर स्कॅनरने बिघाडाचा कोड पुसून गाडी थोडी चालवा. दिवा विझलेला राहिला तर रिकाम्या, ओल्या मैदानावर ३०-४० च्या वेगात ब्रेक पूर्ण दाबून पाहा. पॅडल पायाखाली थरथरले की एबीएस काम करू लागले आहे, असे समजा, आणि मग घाटाचा बेत ठरवा.