बिस्किटाचा रिकामा डबा

एकांनी विचारलंय, मिशनरी शाळेत दया-प्रेम फक्त भिंतीवरच्या फलकापुरतं असतं का? शाळांच्या डोनेशनबद्दलही त्यांची तक्रार आहे. माझी लेक कोल्हापुरात अशाच एका कॅथलिक शाळेत चौथीपर्यंत होती, म्हणून लिहितोय. वर्गात ख्रिस्ती पोरं मोजून तीन-चार. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात सिस्टर टेबलावर बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवायच्या. वाटलं तर खाऊचे पैसे टाकायचे. कुणी किती टाकले, नोंद नाही. आमची बाय एकदा वडापावचे सगळे पैसे टाकून आली आणि घरी भुकेनं रडत बसली! (आईनं दोघांनाही झापलं, मला उगीचच.)

2019च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं, तेव्हा तिच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या वह्यांचा पार लगदा झाला. शाळा उघडल्यावर बाईंनी भाषण दिलं नाही. एकेकीनं एकेक वही तिच्यासाठी उतरवून आणायची, एवढंच ठरलं. गणिताची आमच्याकडं आली. लेकीनं इमानदारीत उतरवली, स्वतःच्या चुकांसकट.

डोनेशनबद्दलची त्यांची तक्रार मात्र रास्त आहे, तिथं मी कुठल्याच शाळेची बाजू घेणार नाही.