फुगवायची ट्यूब जर्मनीला पाठवायची आहे: खेळणं की पोहण्याचं साधन? मदत हवी आहे

मंडळी, वसईला आमचं फुगवायच्या पीव्हीसी खेळण्यांचं छोटं युनिट आहे. शीट बाहेरून येते. कटिंग, प्रिंटिंग, एचएफ (हाय फ्रिक्वेन्सी) वेल्डिंग आमच्याकडे. इथल्या बाजारासाठी आयएस ९८७३ या खेळण्यांच्या भारतीय मानकाप्रमाणे आयएसआय मार्क आहे. आता जर्मनीचा एक आयातदार दोन वस्तू मागतोय: साधी गोल ट्यूब, आणि पाय घालायला दोन भोकं असलेली बदकाची सीट. दोन्हीवर सीई (युरोपच्या नियमांत बसतं असं सांगणारी खूण) हवं, ब्रँड त्याचा, आणि खोक्यावर 'पोहायला शिका' छापायचं म्हणतो. लॅबवाल्याने ईएन ७१ या खेळण्यांच्या युरोपियन मानकाच्या भाग १, २, ३ चं कोटेशन पाठवलं आणि एवढ्यात काम होईल म्हणाला. मला ते पचत नाहीये. खोक्यावरच्या त्या ओळीने वस्तूचा वर्गच बदलत नाही का?

दुसरी डोकेदुखी शीटची. पुरवठादार म्हणतो डीओपी-फ्री आहे (पीव्हीसी मऊ करायला घालतात ते डीओपी नावाचं प्लास्टिसायझर त्यात नाही), बिनधास्त घ्या. रिपोर्ट मागितला की सोमवारी देतो. असे बरेच सोमवार गेले. शिवाय सीईच्या घोषणापत्रावर सही आम्ही करायची की आयातदाराने? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
तुमची शंका बरोबर आहे. युरोपियन युनियनच्या खेळणी निर्देश २००९/४८/ईसीमध्ये पोहायला शिकायची साधनं आणि स्विम सीट सरळ नाव घेऊन वगळल्या आहेत. म्हणजे बदकाची सीट, खोक्यावर काहीही छापा, खेळणं नाहीच. ती ईएन १३१३८-३ (स्विम सीटचं मानक) आणि पीपीई, म्हणजे वैयक्तिक संरक्षण साधनांच्या नियमन २०१६/४२५ खाली जाते. बुडण्याचा धोका तिथे सगळ्यात वरच्या, तिसऱ्या वर्गात धरतात, त्यामुळे नोटिफाइड बॉडीची (युरोपमध्ये अधिकृत मान्यता असलेल्या तपासणी संस्थेची) तपासणी आणि नंतर उत्पादनावर देखरेखही आली. खर्च कुठल्या कुठे जाईल. मी असतो तर पहिल्या कन्साइनमेंटमधून बदक काढून टाकलं असतं.

गोल ट्यूब उथळ पाण्यातलं खेळणं म्हणून पाठवायची असेल, तर 'पोहायला शिका' खोडाच. त्याऐवजी इशारा हवा: मुलाचे पाय टेकतील एवढ्याच पाण्यात आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरा. तो जर्मन भाषेत, न पुसणाऱ्या छपाईत, वाल्वपासून १०० मिमीच्या आत. मूल एकटं सोडलं तरी चालेल असं सुचवणारं चित्रसुद्धा चालत नाही. वाल्व नॉन-रिटर्न हवा, बूच ट्यूबला कायमचं जोडलेलं हवं, आणि आत दाबल्यावर ते ५ मिमीपेक्षा जास्त वर राहता कामा नये. हा बुचाचा मुद्दा डायवाल्याला आधीच सांगा, नंतर मोल्ड बदलणं महागात पडतं.

सहीचं म्हणाल तर, माल आयातदाराच्या ब्रँडने विकला जाणार असेल तर कायद्याने उत्पादक तोच, म्हणून घोषणापत्रही त्याचं. टेक्निकल फाइलही (वस्तूची तांत्रिक कागदपत्रं) दहा वर्षं त्यानेच सांभाळायची. तुम्ही टेस्ट रिपोर्ट आणि कच्च्या मालाची कागदपत्रं द्या. 'सही तुमची, ब्रँड माझा' याला हो म्हणू नका.

प्रतिसाद २
'डीओपी-फ्री' या शब्दावर जाऊ नका. डीओपी म्हणजे डीईएचपी, ते बंदच आहे. पण त्याजागी डीआयएनपी हे दुसरं प्लास्टिसायझर घातलं असेल तरी रीच (युरोपचा रसायनांचा कायदा) त्यालाही अडवतं, तोंडात जाणाऱ्या खेळण्यात मर्यादा ०.१ टक्के. म्हणजे किलोला एक ग्रॅम! कंपाउंडरच्या (पीव्हीसीचं मिश्रण बनवणाऱ्याच्या) मिक्सरमध्ये आधीच्या बॅचचं डीओपी चिकटून राहिलं असेल तर तेवढ्यानेही रिपोर्ट फेल होतो. डीओटीपी या वेगळ्या प्लास्टिसायझरवरचं कंपाउंड आणि स्वच्छ लाइन मागा, आणि प्रत्येक लॉटचा तुकडा स्वतः लॅबला पाठवा. छपाईची शाईही विसरू नका, तिच्यातही प्लास्टिसायझर असू शकतं.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. बदक काढतोय, आयातदाराला आजच मेल टाकतो. शीटसाठी डीओटीपीवर चालणारा, छोटी ऑर्डर घेणारा कंपाउंडर वसई-वापी पट्ट्यात कोणाला माहीत आहे का?